थोरलीवरचं तुमचं नाव

वन्सं, खंडेनवमी पार पडली आणि ट्रक वेळेवर गेले. हे आधी सांगून टाकते, कारण ते कळल्याशिवाय तुम्ही पुढचं एक अक्षर ऐकून घेणार नाही. लेबलं छापली गेली, गेटपास निघाले, आपल्यामुळे एकही गाडी उभी राहिली नाही. ज्या राहिल्या त्या चाकणच्या ट्रॅफिकमुळे, आणि तो सर्व्हर काही आपल्या ताब्यात नाही.

आता एकच काम उरलंय. आपली जुनी थोरली, म्हणजे डिस्पॅचचा जुना सर्व्हर, कायमची बंद करून पुसायची. तुमच्याच नियमाप्रमाणे नवी सुरू झाल्यावर महिनाभर जुनीला बाजूला ठेवली, नेटवर्कची वायर काढून, पण जिवंत. महिना झाला. आज पुसायची. आणि तिच्यावर अजून तुमचं खातं आहे. ‘रंजना’. चालू. सकाळपासून मी सर्व्हर रूमच्या बाहेर खुर्ची टाकून बसलेय आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतेय की बॅकअप तपासतेय. बॅकअप परवाच तपासून झालाय. मला उठवत नाही, हे खरं कारण.

भानुदासभाऊ, आपले डिस्पॅचचे, मघाशी डोकावून गेले. म्हणाले, “वहिनी, मॅडमवर लिहिताय तर कंपनीच्या भिंतीवरच्या अंकाला द्या की.” म्हणून बाहेरच्यांना कळेल इतपत सांगते, तुम्हाला माहीत असलं तरी. तुम्ही माझ्या नवऱ्याच्या थोरल्या बहीण. लग्न केलं नाहीत. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायचात, “स्थळ चांगलं होतं, पण सपोर्ट किती वर्षं मिळेल ते सांगेनात.” मी लातूरहून दिघीच्या घरात नांदायला आले तेव्हा घरात सासू होतीच, वर कायमची नणंद. माझ्या माहेरच्या बायकांनी तेव्हा जी हळहळ केली, तेवढी कुणाच्या मयतालाही केली नसेल. त्यांना अजून पुढचं माहीत नव्हतं. पुढे मी त्याच नणंदेच्या हाताखाली नोकरीला लागले. घरी वन्सं, कंपनीत मॅडम. बसमध्ये काय म्हणायचं हे शेवटपर्यंत ठरलं नाही, म्हणून भोसरीपासून चाकणपर्यंत मी तुम्हाला नुसतं “अहो, ऐकलं का” म्हणत आले, आणि पुढच्या सीटवरच्यांना वाटायचं बाई नवऱ्याशी फोनवर बोलतेय.

नोकरी सहज मिळाली नाही हेही सांगते, नाहीतर लोक म्हणतील नणंदेनं चिकटवली. मुलाखतीला तुम्ही दोन साहेबांच्या मध्ये बसला होतात. सकाळी माझ्या हातचे पोहे खाऊन आला होतात. आणि मला विचारलंत, “आपलं नाव?”

मी सांगितलं, मनीषा.

“राहता कुठे?”

“दिघी.”

“घरी कोण कोण असतं?”

नातं तुम्ही साहेबांना आधीच सांगून ठेवलं होतंत, त्यामुळे ते दोघं खाली मान घालून हसत होते. ते फक्त मला माहीत नव्हतं. मी आपली घाम पुसत “मिस्टर, सासूबाई, आणि एक नणंद” म्हणाले. “नणंद कशी आहे?” हे तुम्ही विचारलं नाहीत, एवढीच मेहेरबानी. मग खरा प्रश्न आला. “सर्व्हरवर अपडेट टाकायचाय. पहिलं काम काय?” हे मला येत होतं. मी छाती पुढे काढून म्हटलं, “बॅकअप घ्यायचा.” तुम्ही कागदावर काहीतरी खरडलंत आणि मी नापास झाले.

रात्रीच्या जेवणाला मी ताट आपटत वाढलं. “मग काय, बॅकअप घ्यायचा नाही?”

“घ्यायचा की. पण घेतलेला बॅकअप दुसऱ्या मशीनवर परत उभा राहतो का, हे कधी करून बघितलंस? न बघता ठेवलेला बॅकअप म्हणजे नुसती आपली समजूत.”

“हे तिथं सांगायचं ना!”

“तिथं मी मॅडम होते. भाजी वाढ.”

कोपऱ्यातून आई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, “रंजे, घरच्या पोरीला नापास करतीस व्हय गं?”

“घरची हाय म्हणून तर केली,” तुम्ही म्हणालात. आईंशी बोलताना तुमची भाषा अशी एकदम गावात परत जायची. पुढच्या वेळी जागा निघाली तेव्हा मी पास झाले, आणि तुम्ही घरी येऊन रोजच्यासारखाच चहा मागितलात.

सर्व्हर तीन. थोरली, मधली, धाकटी. नावं तुमचीच. धाकटीवर कॅन्टीनची कुपनं, मधलीवर हजेरी आणि पगार, थोरलीवर डिस्पॅच. दर महिन्याचे छोटे अपडेट आले की आधी धाकटीवर टाकायचे, काही दिवस नुसतं बघत बसायचं, मग मधलीवर, सगळ्यात शेवटी थोरलीवर. पगाराच्या आठवड्यात मधलीला हात लावायचा नाही. महिनाअखेरीला थोरलीकडे बघायचंसुद्धा नाही. मी एकदा विचारलं होतं, धाकटीनं काय पाप केलंय? तुम्ही म्हणालात, “धाकटी बंद पडली तर लोक फुकट जेवतील आणि मला दुवा देतील. थोरली बंद पडली तर कस्टमर साहेबांना बोलेल, साहेब मला बोलतील, मी तुला बोलेन. तुलाच बोलणं खायचं असेल तर कर उलट.” मी उलट केलं नाही. घरात सगळ्यांत धाकटी मीच असल्यामुळे धाकटीवरच सगळे प्रयोग होतात हे मला नवीन नव्हतं.

छोट्या अपडेटबद्दल आपलं कधी वाजलं नाही. वाजलं ते मोठ्याबद्दल, ऑपरेटिंग सिस्टीमची सगळी आवृत्तीच बदलायची असते त्याबद्दल. आणि ते भांडण आपण इतकी वर्षं चवीनं घातलं, की तुमच्या भावानं त्याला नाव ठेवलं होतं, संध्याकाळच्या बातम्या.

माझं म्हणणं, चालू मशीनवरच नवी आवृत्ती वरून चढवावी. सोय असते तशी. सेटिंग तशीच राहतात, खाती तशीच, पासवर्ड तसेच, सगळं जिथल्या तिथं. तुमचं म्हणणं, शेजारी कोरं मशीन उभं करायचं, त्यावर नवी आवृत्ती टाकायची, आणि जुनीवरून एकेक गोष्ट हातानं उचलून, ओळख पटवून, पलीकडे न्यायची. जुनी तशीच उभी ठेवायची, बिनसलं तर माघारी यायला. मी म्हणायची, “दुप्पट काम.” तुम्ही म्हणायचात, “दुप्पट झोप.”

यात तुमच्या एका गुरुवारची गोष्ट होती, आणि ती मी तुम्हाला सुखानं विसरू दिली नाही. मी कंपनीत येण्याआधीची. तुम्ही तेव्हा नव्या होतात आणि माझ्यासारख्याच हुशार होतात. मधलीवर आवृत्ती वरून चढवायची ठरवलीत, आणि वार निवडलात गुरुवार. का, तर आपल्या पट्ट्यात गुरुवारी कारखान्यांना सुट्टी, कुणी त्रास द्यायला येत नाही. फक्त एक गोष्ट राहिली. गुरुवारी कारखाने बंद असतात हे वीज मंडळालाही ठाऊक असतं, आणि तारांची दुरुस्ती ते त्याच दिवशी काढतात. मधली अर्धी नवी, अर्धी जुनी, अशा अवस्थेत असताना लाईट गेली. जनरेटर होता, पण जनरेटरच्या माणसालाही गुरुवारचीच सुट्टी. बॅटरीनं जमेल तेवढा दम धरला आणि सोडला. मधली धड जुनीही राहिली नाही, धड नवीही झाली नाही. शुक्रवारी पहिल्या शिफ्टची हजेरी पाठकोऱ्या कागदांवर घेतली म्हणे. भानुदासभाऊ अजून ती गोष्ट हातवारे करून सांगतात, “मॅडम अशा उभ्या व्हत्या, मशीनवर हात ठिवून, आजारी लेकराला ठेवत्यात तशा.”

म्हणून मग तुमची शेजारी कोरं मशीन उभं करायची शिस्त. आणि म्हणून मोठं काम फक्त खंडेनवमीला, जेव्हा पूजेसाठी यंत्रं थांबतात पण माणसं हजर असतात, वीज असते, जनरेटरवाला नवीन शर्ट घालून जागेवर असतो. मी मात्र कुठलंही काम निघालं की गंभीर चेहरा करून विचारायची, “गुरुवार आहे का?” तुम्ही डस्टर फेकायचात. माझा मुद्दा अजूनही तोच आहे हं, वन्सं. लाईट गेली हा वाराचा दोष, पद्धतीचा नव्हे. हे मी तुमच्यासमोर कधी नीट सिद्ध करू शकले नाही, आणि आता करून काय उपयोग, समोरून उत्तर आल्याशिवाय जिंकण्यात मजा नाही.

थोरलीची वेळ या वर्षी आली. तिच्या आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं बंद होणार होतं, म्हणजे एखादं भोक सापडलं तर बुजवायला कुणी येणार नाही. कस्टमरचे लोक तपासणीला यायच्या आधी बदल हवा होता. कोणती आवृत्ती घ्यायची ते तुम्ही आजारी पडण्याआधी ठरवून ठेवलं होतंत. नव्यात नवी नव्हे, तिच्या आधीची, लांब मुदतीच्या सपोर्टची. तुमचं वाक्य पाठ आहे मला: “नव्या आवृत्तीला आधी चार महिने दुसऱ्यांच्या घरी नांदू दे. त्यांनी भांडी फोडून घेतली की मग आपल्याकडं आणू.”

“म्हणजे मलाही आधी दुसरीकडे नांदवून आणायचं होतं का?” मी विचारलं होतं.

“तुझी फुटलेली भांडी मोजायला अजून वेळ मिळालेला नाही.”

मग तुमचं दवाखान्याचं सुरू झालं. त्याबद्दल इथे लिहीत नाही, तुम्हाला ती चर्चा आवडायची नाही. शेवटचं भांडणही तिथलंच. दुपारची वेळ होती, खिडकीत पडदा लावलेला. मी म्हटलं, “थोरलीवर या वेळी वरूनच चढवते. तुम्ही नाही तिथं, दुसरं मशीन मी एकटी कधी उभं करू? वरून केलं की सगळं तसंच राहतं.”

तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, “तसंच राहतं हाच तर घोळ आहे मनीषा. इतक्या वर्षांत तिच्या आत कुणी काय काय ठेवून गेलंय, कुणाला ठाऊक? ते सगळं न बघता पुढं नेणार.”

“थोरलीला तुमच्याशिवाय हात कोणी लावलाय?”

यावर तुम्ही काहीतरी जबरदस्त बोलणार होतात, तसा चेहरा झाला होता. तेवढ्यात सिस्टर आली. तुम्ही हात हलवून म्हणालात, “उरलेलं उद्या भांडू.”

उद्याचं भांडण राहिलं. माझ्याकडे उत्तर तयार होतं, तेही राहिलं.

तेराव्यानंतर कामावर आले. तुमच्या नियमाप्रमाणे पहिलं काम तुमचं खातं बंद करायचं होतं. माणूस गेला की त्याच दिवशी खातं बंद, निरोपाच्या चहाच्या आधी. या नियमातून तुम्ही कुणाला सोडलं नाहीत. जुने प्लांट हेड निवृत्त झाले तेव्हा वर त्यांचं भाषण रंगात आलं होतं आणि खाली तुम्ही त्यांचं खातं बंद करत होतात. भाषणाचं दुसरं पान छापायला त्यांनी माणूस पाठवला, तर छापेना. बिचाऱ्यांनी उरलेलं भाषण आठवणीतून केलं आणि सगळ्यांनी मान्य केलं की त्यांच्या कारकिर्दीतलं ते सर्वांत चांगलं भाषण होतं.

मी थोरलीवरची खात्यांची यादी उघडली. ‘रंजना’वर गेले. आणि मला एकदम आठवण झाली की प्रिंटरची शाई तपासायची राहिलीय. दुसऱ्या दिवशी वाटलं एसीचं पाणी गळतंय का बघावं. त्या आठवड्यात मी आपल्या विभागातल्या इतक्या गोष्टी तपासल्या की नवे प्लांट हेड म्हणाले, “मॅडम गेल्यापासून तुम्ही दुप्पट काम करताय.” मी मान खाली घालून कौतुक घेतलं.

आणि बैठकीत सांगून टाकलं, थोरलीवर नवी आवृत्ती वरूनच चढवू. कारणं इतकी तांत्रिक दिली की मलाच माझा आदर वाटला. वेळ वाचतो, सेटिंग राहतात, चुका कमी. खरं कारण एवढंच होतं की वरून चढवली की खाती तशीच पुढे जातात. कोऱ्या मशीनवर मात्र प्रत्येक खातं नव्यानं उघडावं लागतं, आणि तिथं ‘रंजना’ हे खातं कुठल्या तोंडानं उघडणार होते मी? तुमच्या पद्धतीनं काम केलं तर तुम्हीच मागे राहणार होतात.

त्याच आठवड्यात घरी आले तर तुमच्या खोलीत आई जमिनीवर बसलेल्या, आणि तुमचं कपाट रिकामं. सगळं. शेजारपाजारच्या बायका पिशव्या भरून गेल्या होत्या. मी दारातच उभी राहिले.

“आई, इतक्या लवकर?”

“मग काय करायचं?” त्या म्हणाल्या. “तसंच ठिवून कसर लावायची व्हय साड्यांना? ल्येकीनं येवढ्या हौशीनं घेतलेल्या.” मग मांडीवरची एक उचलून माझ्याकडे फेकली. “ही तुला. निळी. तुला शोभायची न्हाई, पर तिचं म्हणणं व्हतं शोभंल.”

नेसून बघितली. शोभत नाही. तुमची एक चूक सापडली याचा मला किती आनंद झाला म्हणून सांगू. पण आईंचं ते ‘तसंच ठिवून’ रात्रभर डोक्यातून गेलं नाही. सकाळी जाऊन प्लांट हेडना सांगितलं, बेत बदलला. कोरं मशीन उभं करायचं. ते जरा गोंधळले, पण मग मान डोलावली. “मॅडमचं तेच मत होतं ना? छान. आणि व्हर्जनही मॅडमनी ठरवलेलीच घ्या.”

“ती नाही घेणार,” मी म्हटलं.

“का?”

“मॅडमनी ठरवलं तेव्हा पुढची आवृत्ती अगदी नवी होती. आता तिला वर्ष होत आलं. दुसऱ्यांच्या घरी नांदून झालीय, भांडी फोडून झालीत, दुरुस्त्या आल्यात. लेबलांचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनीही चालेल म्हणून कळवलंय. जुनी घेतली तर थोड्या वर्षांत हाच खटाटोप पुन्हा. मॅडम असत्या तर त्यांनीही बदललं असतं.”

“असं?”

“हो. फक्त माझ्यासमोर कबूल केलं नसतं.”

तर वन्सं, आवृत्ती माझी, पद्धत तुमची. तुमच्याविरुद्ध जाताना मी कचरले असं कुणाला वाटत असेल तर तसं काही झालं नाही. इतकी वर्षं रोज भांडायचा सराव तुम्हीच दिला होतात.

नवी थोरली उभी केली. बॅकअप घेतला, आणि मुलाखतीला स्मरून तो दुसरीकडे उभा करूनही बघितला. मग रंगीत तालीम. खरी लेबलं नाहीत, खोटी लेबलं, खोटे ट्रक, खोटे कस्टमर. पहिल्याच तालमीत गेटवरच्या बारकोड वाचायच्या बंदुका नव्या थोरलीशी बोलेनात. त्या जुन्या पद्धतीचं सुरक्षेचं कुलूप वापरणाऱ्या, आणि नवी आवृत्ती ते तकलादू कुलूप मान्यच करत नाही. त्यांचंही सॉफ्टवेअर नवं केलं तेव्हा बोलल्या. दोन अगदीच म्हाताऱ्या होत्या, त्यांना निवृत्त केलं. आपल्याकडच्या एका पोरानं मला सुचवलं, “मॅडम, नव्या सर्व्हरवर जुन्या कुलपाला परवानगी देऊन टाका ना, एक टिक तर करायचीय.” मी “नाही” म्हणाले, आणि तो पोरगा दचकला. मीही दचकले. तो आवाज तुमचा होता.

दुसऱ्या तालमीत बंदुका बोलल्या, पण लेबलंच तयार होईनात. थोरलीवर एक काम रोज पहिल्या शिफ्टच्या आधी आपोआप चालतं, दिवसभराच्या लेबलांची तयारी करून ठेवतं. तुम्हीच लिहिलेलं. त्याच्या डोक्यावर तुमची सूचना आहे, “ही ओळ काढू नये. काढलीस तर निदान मला सांगू नकोस.” ते काम जसंच्या तसं नवीवर आणलं होतं आणि ते चालायला नकार देत होतं. मी सगळं तपासलं. मग नोंदी उघडल्या, आणि तिथं कारण लिहिलेलं होतं: ‘रंजना’ नावाचं खातं सापडत नाही.

वन्सं! सगळ्या कंपनीला तुम्ही शिकवलंत की आपोआप चालणारं काम माणसाच्या खात्यावर बांधायचं नाही. माणूस जातो, काम अडतं. मला तर यावरून दोनदा रडवलंत. आणि स्वतः थोरलीचं सगळ्यात महत्त्वाचं काम स्वतःच्या नावावर बांधून बसलात? म्हणजे नियमाप्रमाणे त्याच दिवशी तुमचं खातं मी बंद केलं असतं, तर दुसऱ्या दिवशी एकही ट्रक गेला नसता. माझ्या शाई तपासण्यानं आणि एसी बघण्यानं कंपनी वाचली! मी सर्व्हर रूममध्ये एकटी इतकी हसले की भानुदासभाऊ धावत आले.

“काय झालं वहिनी?”

“मॅडम सापडल्या.”

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, बाहेर गेले आणि पाणी घेऊन आले. तोवर हसण्याचं दुसरंच काही झालं होतं, तेव्हा पाणी उपयोगी पडलं.

नंतर शांतपणे विचार केला तेव्हा कळलं, तुम्ही भांडण जिंकलात. वरून चढवली असती तर तुमचं खातंही तसंच गेलं असतं, त्यावर बांधलेलं कामही, आणि कुणाला कळलंच नसतं. पुढे कधीतरी मी नसताना, कुणा शिस्तीच्या बाईनं यादीतलं अनोळखी नाव बघून ते बंद केलं असतं आणि गेटवर गाड्यांची रांग लागली असती. इतक्या वर्षांत आत कुणी काय ठेवून गेलंय, म्हणाला होतात. तुम्ही ठेवून गेला होतात. स्वतःच्याच चुकीनं स्वतःचा मुद्दा सिद्ध करणारी नणंद मला मिळाली, आता मी कुणाशी भांडू?

त्या कामासाठी नवीवर वेगळं खातं उघडलं, कुठल्याही माणसाच्या नावाचं नसलेलं. तुमची ओळ काढली नाही. सांगायला तुम्ही नव्हतात, हे एक कारण.

खंडेनवमीच्या सकाळी आईंनी हळदीकुंकवाची डबी माझ्या पर्समध्ये ठेवली. घरात यंदा सण नाही, म्हणून मी म्हटलं, राहू द्या. त्या म्हणाल्या, “दुखवटा आपल्याला. यंत्रानं काय केलंय?” म्हणून नेहमीसारखं बोट टेकवलं, रॅकच्या बाहेरच्या पट्टीवर. झेंडूची माळ आत घालू दिली नाही. ॲडमिनच्या मंडळींनी एका वर्षी हौसेनं घातली होती, पाकळ्या पंख्यात गेल्या आणि मधलीला ताप चढला, ते तुम्हाला आठवत असेल.

जनरेटरवाला जागेवर होता. त्याच्या दाराशी मी जिलबीचा पुडा ठेवला होता, म्हणजे हलणार नाही. वीज मंडळात आदल्या दिवशी विचारून घेतलं होतं. माघारीची वेळही आधीच ठरवली: दुपारच्या चहापर्यंत नवी नीट चालली नाही, तर कुणाचंही न ऐकता जुनीवर परत. मग जुनी थोरली थांबवली, शेवटची नक्कल घेतली, दोन्हीकडचे आकडे जुळवले, जुनीचं नाव आणि पत्ता नवीला दिला. आधी एकच प्रिंटर जोडला. मग गेट.

ट्रक नव्हता, पूजेमुळे काम बंद होतं. तेव्हा भानुदासभाऊ स्वतः ट्रक झाले. हातात एक खोकं, खोक्यावर लेबल, चालत गेटवर आले. गेटवरच्या वॉचमननं बंदूक लावली. बीप झालं. स्क्रीनवर वाहन क्रमांक मागितला.

“काय टाकू?” वॉचमन.

“टाक, भानुदास, कुरुळी पासिंग,” भाऊ आपल्या गावाचं नाव जोडून म्हणाले, आणि तोंडानं इंजिनचा आवाज काढत गेटपास घेऊन बाहेर गेले. बाहेर जाऊन एकदा हॉर्नही वाजवला. दुपारचा चहा मी बसून प्यायले.

दसऱ्यानंतरच्या पहिल्या शिफ्टला खऱ्या गाड्या गेल्या. तेव्हापासून रोज जातायत. तुमची शिस्त पाळून धाकटीवर छोटे अपडेट आधी, मग मधली, मग नवी थोरली. मला वाटलं होतं तुमच्याशिवाय हे काम जड जाईल. काम जड जात नाही, वन्सं. काम तुम्ही नीट शिकवलंत. जड जातो तो बसचा प्रवास. शेजारची सीट रिकामी असते असं नाही, कुणीतरी बसतंच. पण मी “अहो, ऐकलं का” म्हणत नाही.

इथे लिहिणं थांबवलं होतं. आता आत जाऊन आले.

भानुदासभाऊ चहाचा कप घेऊन दारात उभे होते. “घ्या वहिनी, गार होतोय.” मी म्हटलं, टेबलावर ठेवा. त्यांना नियम माहीत आहे: आधी खातं बंद, मग निरोपाचा चहा. कप ठेवला आणि तेही थांबले, हातातला स्वतःचा कप तोंडाला न लावता.

जुनी थोरली उघडली. यादीत माझं सोडून एकच चालू नाव उरलं होतं. बंद केलं. मशीननं विचारलं, नक्की का? आपलं मशीन ते, तुमच्या तालमीतलं, दोनदा विचारतं. दोन्ही वेळा हो म्हटलं. मग पुसायला लावली. पंखा थोडा वेळ जोरात फिरला, मग हळू, मग नाही.

मग मी आणि भाऊंनी चहा घेतला. गार झाला होता. तुमच्या वेळी तो नेहमी गारच व्हायचा.